जपायची भाषा, जागवायची भाषा

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांविषयी वाचताना 'जतन' आणि 'पुनरुज्जीवन' हे शब्द जोडीनेच भेटतात, जणू एकाच कामाची दोन नावं. मात्र ही दोन कामं निराळी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पैसाही भलतीकडे जातो. १७८८ मध्ये ब्रिटिश तिथे वस्तीला आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या. आज लहान मुलं घरातच आपसूक शिकतात अशा जेमतेम डझनभर उरल्या आहेत.

आधी जागवायची भाषा. अ‍ॅडलेड शहर ज्या मैदानावर उभं आहे तिथली काउर्ना. रोमन लिपीत हे नाव 'आर-एन' अशी दोन अक्षरं जोडून लिहितात, पण ती जोडी म्हणजे आपला ण. इवरित्जी नावाची बाई ही भाषा बोलणारी शेवटची असं सांगितलं जातं. ती १९२९ मध्ये गेली. मागे उरलं होतं ते मुख्यतः कागदावर. टायकेलमान आणि शूरमान हे दोन जर्मन मिशनरी १८३८ मध्ये तिथे आले, त्यांनी मुलांची शाळा काउर्नातूनच चालवली आणि १८४० मध्ये व्याकरण व सुमारे २,००० शब्दांचा संग्रह छापला. पाचच वर्षांत सरकारने ती शाळा बंद केली.

दीडशे वर्षांनी काउर्ना समाजातल्या लोकांनी, रॉब एमरी या भाषाशास्त्रज्ञाला सोबत घेऊन, तेच जुने कागद पुढ्यात घेतले. मूळ आवाजाचं ध्वनिमुद्रण नाही, म्हणून उच्चार शेजारच्या भाषांशी ताडून ठरवावे लागले. जे शब्द १८४० मध्ये असणं शक्यच नव्हतं ते घडवावे लागले. संगणकाला म्हणतात 'मुकाण्टु': 'मुकामुका' म्हणजे मेंदू, 'काण्टु' म्हणजे आभाळात चमकणारी वीज. 'ही खरी जुनी भाषा नव्हेच' असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. मला तो मुळीच पटत नाही. 'दूरध्वनी' आणि 'संगणक' आपणही असेच घडवले, तेवढ्याने मराठी खोटी ठरली नाही. समाजातले लोक तर भाषा मेली होती असं म्हणतच नाहीत. ती झोपली होती, म्हणतात.

आता जपायची भाषा. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या मध्य ऑस्ट्रेलियातल्या शहराच्या वायव्येला, वाळवंटात यूएन्डुमू नावाचं गाव आहे. तिथे वळ्पिरी बोलतात (हो, त्यात चक्क आपला ळ आहे). इथे जुनी पुस्तकं धुंडाळायची वेळ आलेली नाही, मुलं अंगणात याच भाषेत भांडतात. प्रश्न शाळेच्या वेळेचा आहे. हे गाव ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्विभाषिक शिक्षण सुरू झालं; पुढच्याच वर्षी ते यूएन्डुमूत पोचलं आणि वळ्पिरी शिक्षक, वळ्पिरी पुस्तकं तयार होत गेली. मग २००८ मध्ये तिथल्या सरकारने फर्मान काढलं: रोज शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच. पुढे ते सैल झालं खरं, पण जिवंत भाषेला धक्का द्यायला एक परिपत्रक पुरतं, हे त्याने दाखवून दिलं. त्या काळातही वळ्पिरी लोकांनी हात टेकले नाहीत. सोन्याच्या खाणीची जी रॉयल्टी त्यांना मिळते, तिच्यातून त्यांनी २००५ मध्येच शिक्षणासाठी ट्रस्ट उभा केला होता.

म्हणून सरकारने काय द्यावं, याचं उत्तर दोन्हीकडे सारखं नाही. काउर्नाला अभिलेखागारं खुली हवीत, भाषाशास्त्रज्ञ हवा, आणि दिवसभराची नोकरी सांभाळून संध्याकाळी भाषा शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी वर्ग हवेत. न्यू साउथ वेल्स या दुसऱ्या राज्याने २०१७ मध्ये आदिवासी भाषांसाठी देशातला पहिला कायदा केला, त्याचा आधार तिथल्या अशा कामाला होतो. यूएन्डुमूला नवा अभिलेख देऊन भागणार नाही. वळ्पिरीचा मोठा शब्दकोश तर १९५९ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये छापूनही झाला. तिथे हवा आहे सकाळचा पहिला तास, आणि फळ्यापाशी पूर्ण पगारावरची वळ्पिरी बाई.