आधी चरबी, मग पिल्लं

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचं छोटं गाव आहे. ध्रुवीय अस्वलाच्या बाळंतपणाबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या गावाच्या आसपास कळलं. त्याचं श्रेय थोडं भूगोलालाही द्यायला हवं. इथल्या समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात पार वितळतो, अस्वलांना काठावर यावंच लागतं आणि मग ती हाती लागतात. इतरत्र ती तरंगत्या बर्फावर दूरदूर पांगलेली असतात.

सुरुवातीला मादीच्या तब्येतीची चौकशी फारशी कुणी करत नव्हतं. १९६०च्या दशकातला प्रश्न साधा होता: अस्वलं उरली किती आणि मारली किती जातात? १९६५ साली अलास्कातल्या फेअरबँक्सला संबंधित देशांची बैठक झाली. १९७३ मध्ये कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी ओस्लोत करार केला. शिकारीला लगाम बसला आणि पिल्लं जन्माला येतात त्या जागा जपायचं ठरलं. रशियाचं रँगल बेट तर अस्वलांचं प्रसूतिगृह म्हणूनच ओळखलं जातं.

मादीकडे खरं लक्ष गेलं ते इयन स्टर्लिंग, माल्कम रॅमसे आणि अँड्र्यू डेरोशर या संशोधकांच्या चर्चिलजवळच्या कामामुळे. हेलिकॉप्टरमधून गुंगीचं इंजेक्शन मारायचं, मादी आडवी झाली की कानाला बिल्ला लावायचा, छातीचा घेर मोजायचा, जमलं तर जाळीत टांगून वजन करायचं. जोडीला एक बारकासा, बिनकामाचा दात काढून घ्यायचा. त्याच्या मुळाशी झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक वलयरेषा उमटते, म्हणून वय कळतं. पुढे २०१० साली असंही दिसून आलं की ज्या वर्षी मादी पिल्लांना पाजत असते, त्या वर्षीचं वलय अरुंद भरतं. एवढ्याशा दातात तिच्या बाळंतपणांची नोंद!

वजन इतकं का महत्त्वाचं, हे कळायला तिचं वर्ष बघावं लागतं. समागम एप्रिल-मेमध्ये होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरद ऋतूपर्यंत तो थांबून राहतो. मधल्या काळात मादी सील खाऊन अंगावर चरबी चढवते. ती पुरेशी साठली नाही, तर गर्भधारणा तिथेच संपते. साठली, तर ती पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीत खणलेल्या बिळात शिरते आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला जेमतेम ६०० ग्रॅमची, बहुधा दोन पिल्लं होतात. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर देतात; हिला ते सगळे आधीच खाऊन ठेवावे लागतात. बर्फ फुटून ती काठावर आल्यापासून पिल्लं घेऊन बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, तिला अन्न नसतं. एवढ्यात ती सरासरी ४३ टक्के वजन गमावते. त्यातच सुमारे तीस टक्के चरबी असलेलं दूध पाजायचं असतं.

१९९२ मध्ये डेरोशर आणि सहकाऱ्यांनी एक आकडा मांडला. शरदात तोललेल्या आणि नंतर पिल्लं झालेल्या माद्यांपैकी सर्वांत हलकी १८९ किलोची होती. वजनदार मादीची पिल्लंही वजनदार, आणि वजनदार पिल्लं जगण्याची शक्यता अधिक. वयाचाही हिशेब आहे: नवख्या आया कमी पडतात, दहा-पंधरा वर्षांच्या माद्या सर्वांत भरवशाच्या आणि विशी ओलांडली की यश घसरू लागतं.

ही सगळी नोंद निव्वळ जीवशास्त्र म्हणून चालली होती. पण वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा त्यात वेगळंच काही दिसायला लागलं. स्टर्लिंग यांनी १९९९ मध्ये ते सहकाऱ्यांसह मांडलं. बर्फ लवकर फुटत होता, सील मारायचे दिवस कमी होत होते, माद्या हलक्या होत होत्या. १९८० साली एकट्या, बहुधा गाभण असलेल्या माद्यांचं सरासरी वजन सुमारे २९५ किलो होतं. २००४ पर्यंत ते २३० वर आलं. १८९ पासून ते फार लांब नाही. पूर्वी इथल्या बऱ्याच माद्या पिल्लांना दीड वर्षातच दुधापासून तोडत आणि पुन्हा गाभण राहत. इतरत्र ही वेळ अडीच वर्षांनी येते. चर्चिलची ती खासियत जवळपास नाहीशी झाली. मोजणीत १९८७ साली सुमारे १,१९४ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८.

२०११ मध्ये पीटर मोल्नार आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: १९९०च्या दशकाच्या तुलनेत बर्फ महिनाभर आधी फुटला, तर ४० ते ७३ टक्के गाभण माद्यांना पिल्लं होणार नाहीत.

मात्र हाच हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. अलास्का आणि रशियाच्या मधल्या चुक्ची समुद्रातही बर्फ भराभर कमी झाला, तरी २०१४ च्या अभ्यासात तिथल्या माद्या शेजारच्या दक्षिण ब्यूफर्ट समुद्रातल्या माद्यांहून धष्टपुष्ट निघाल्या आणि त्यांची पिल्लंही जास्त जगत होती. चुक्चीचा समुद्र उथळ आहे, अन्नाने भरलेला आहे, आणि सीलही मुबलक आहेत.