अल्पसंख्याक शाळा, सोलापूर

धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्थांनी स्थापन केलेल्या व चालविलेल्या शासनमान्य खाजगी शाळा. संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) ने अशा संस्था काढण्याचा व त्यांचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. शुल्क, इमारत, परीक्षा हे विषय सर्वच खाजगी शाळांना समान असल्याने येथे घेतलेले नाहीत.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात. त्यामुळे येथे भाषिक अल्पसंख्याकत्वाला धार्मिक अल्पसंख्याकत्वाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, महत्त्व आहे. मात्र एक गल्लत वारंवार होते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. त्या शासकीय शाळा असून मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या तरतुदीखाली (अनुच्छेद ३५०-क) मोडतात. अनुच्छेद ३० शी त्यांचा संबंध नाही. अल्पसंख्याक दर्जा संस्थेला असतो, माध्यमाला नव्हे. तेलुगूभाषक पद्मशाली समाजाच्या संस्थेने मराठी माध्यमाची शाळा चालविली तरी तिचा हक्क उणावत नाही, कारण अनुच्छेदातील शब्द ‘आपल्या पसंतीच्या’ असे आहेत.

अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये सांगितले. परिणामी सोलापुरात अल्पसंख्याक असलेला कन्नडभाषक भीमा ओलांडून कर्नाटकातील इंडी तालुक्यात गेला की बहुसंख्याक होतो आणि मराठीभाषकाचे नेमके उलटे होते. जैन समाज अधिसूचित धार्मिक अल्पसंख्याकांत आहे. लिंगायत समाज स्वतंत्र धर्म म्हणून त्या यादीत नाही. त्यातील कन्नडभाषकांच्या संस्थांना भाषेचाच आधार घेता येतो.

अल्पसंख्याक शाळांच्या शासकीय नियमनाचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाशी जोडतात. काही मिशनरी शाळांपर्यंत मागे जातात. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावले. तथापि कंपनी सरकारचे शिक्षणधोरण ठरविणारा १८५४ चा वूडचा खलिता हा आरंभबिंदू अधिक सयुक्तिक वाटतो. तपासणी मान्य करणाऱ्या शाळेला अनुदान द्यावे, आणि तपासणीसाने तेथील धर्मशिक्षणात लक्ष घालू नये, ही जोडी त्यात प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. अनुच्छेद २८ (३) चा कल काहीसा तोच आहे: शासनमान्य वा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण देता येते, पण अज्ञान (अल्पवयीन) विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय त्याची सक्ती करता येत नाही. सोलापुरातील श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा ही संस्था आपला प्रारंभ १८८५ चा मानते. नावात पाठशाळा असली तरी आज तिच्या पंखाखाली कला-विज्ञान महाविद्यालय आणि अभियांत्रिकी संस्थाही आहे.

स्वायत्ततेची खरी कसोटी मुख्याध्यापकाच्या नेमणुकीत लागते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ व त्याखालील १९८१ च्या नियमांनुसार हे पद सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठ, अर्हताधारक शिक्षकाला मिळते. अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना वा उपसंचालकांना नावे कळविलेले जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्या भरतीला मात्र कलम ३ (२) ने अधिनियमातून वगळले आहे. शाळेच्या भाषेत सांगायचे तर ज्येष्ठता यादीतील पहिला शिक्षक बाजूला ठेवून चौथ्याला खुर्चीत बसविता येते. सूट भरतीपुरती आहे. एकदा नेमल्यावर निलंबन, चौकशी, बडतर्फी यांचे नियम लागू राहतात, हे संस्थाचालक अनेकदा विसरतात. अनुदान घेतल्यानेही निवडीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेज प्रकरणात २००६ मध्ये म्हटले. पुढे २०२० मध्ये अनुदानित मदरशांचे शिक्षक निवडणाऱ्या पश्चिम बंगालच्या मदरसा सेवा आयोगाचा कायदा वैध ठरवून त्याच न्यायालयाने राज्याला अधिक वाव दिला. दोन्ही निर्णयांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते फारसे पटणारे नाहीत.

व्यवहारात हा हक्क कागदांवरून जातो. निवडीचा ठराव, अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र व संचमान्यतेतील (विद्यार्थिसंख्येनुसार ठरणाऱ्या पदसंख्येतील) मंजूर पद जोडून प्रस्ताव जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) जातो. वैयक्तिक मान्यता मिळून ‘शालार्थ’ या ऑनलाइन वेतनप्रणालीत नाव चढेपर्यंत अनुदानित पदाचा पगार निघत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वैदिक पाठशाळा, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमाती निकालाने सर्व अल्पसंख्याक शाळा, अनुदानितसुद्धा, त्यातून बाहेर पडल्या. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना २५ टक्के प्रवेश देण्याची अट त्यांना म्हणूनच नाही. औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुले ‘शाळाबाह्य’ धरण्याचे धोरण राज्याने २०१५ मध्ये जाहीर केले होते. मराठी शिकविण्याच्या सक्तीला मात्र सूट नाही: २००४ मध्ये उषा मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली, व २०२० चा अधिनियम कन्नड आणि उर्दू माध्यमालाही लागू आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंजुमन इशात-ए-तालीम प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने प्रमाती निकालाविषयी शंका व्यक्त करून अल्पसंख्याक शाळांतील शिक्षक पात्रता परीक्षेचा प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ पाठविला.