नजर एकीकडे, लक्ष चौघांवर

‘नीट बघ’ आणि ‘लक्ष दे’ ही वाक्यं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एरवी काही बिघडत नाही, पण खेळाडूंना शिकवणाऱ्यानं तरी हा घोळ करू नये असं मला मनापासून वाटतं.

नजर एका वेळी एकाच जागी असते. त्यातही अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. लक्षाला हे बंधन नाही. डोळा जागचा न हलवता ते बाजूला सरकू शकतं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रयोगानं दाखवलं होतं.

मग ते एकाच वेळी अनेक जागी राहतं का? १९८८ मध्ये कॅनडात झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांनी हे तपासलं. पडद्यावर अधिकच्या चिन्हासारख्या दहा सारख्याच खुणा. त्यातल्या काही आधी लुकलुकून ‘या तुमच्या’ असं सांगायच्या. मग सगळ्या इकडेतिकडे फिरू लागत. नजर मधल्या बिंदूवरच ठेवायची, आणि ती हलली तर तो प्रयत्न बाद. तरीही लोक पाचपर्यंत खुणांचा बऱ्यापैकी नीट माग ठेवू शकले. पुढे ‘चार’ हा आकडा रूढ झाला, पण तो काही दगडावरची रेघ नाही. २००७ च्या एका प्रयोगात वेग अगदी कमी केल्यावर लोकांनी आठ सांभाळले, तर वेग खूप वाढवल्यावर एकच. डोळे मोकळे सोडले, तर तीन खुणांचा माग ठेवताना माणसं पुष्कळदा त्या तिघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघतात. मला हे फार सुंदर वाटतं: नजर रिकाम्या जागेवर, लक्ष तिघांवर.

कबड्डीत चढाई करणाऱ्यासमोर सात जण असतात. तो एका कोपऱ्याकडे टक लावून राहिला, तर दुसऱ्या कोपऱ्यातून झेप येते. शिवाय नजर समोरच्याला दिसते, लक्ष दिसत नाही.

म्हणून पेन्सिलीच्या टोकामागे डोळे फिरवण्याचा व्यायाम हा लक्षाचा सराव नव्हे. माग ठेवण्याच्या सरावात पडद्यावर फिरणाऱ्या आठ चेंडूंपैकी चार आपले असतात. उत्तर बरोबर आलं की वेग वाढतो, चुकलं की कमी होतो. मॉन्ट्रियलचे संशोधक जोसेलिन फोबेर यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की व्यावसायिक खेळाडू हे काम इतरांपेक्षा भराभर शिकतात. पण यातून पडद्यावरचा सराव मैदानावरचा खेळ सुधारतो, असं सिद्ध होत नाही. पडद्यावरचे गुण पडद्यावरच वाढत राहण्याची शक्यता मोठी असते.

मी तरी सराव मैदानावरच घ्यावा म्हणेन. चढाईला आलेल्या मुलाला सांगावं: नजर समोरच्याच्या छातीवर ठेव, आणि कोपऱ्यावरच्या दोघांपैकी आधी पाऊल कोणी टाकलं ते मान न वळवता सांग.