सिटी लिंक, नाताळ २०१४ : एका पार्सल कंपनीच्या अखेरची पार्श्वभूमी

सणाच्या गर्दीत पार्सल कंपन्यांचं व्यवस्थापन कसं कोलमडतं, याची चर्चा निघाली की ब्रिटनमधल्या सिटी लिंकचं नाव येतंच. २४ डिसेंबर २०१४ रोजी ही कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. (प्रशासक म्हटलं की आपल्याला निवडणूक लांबलेली महापालिका आठवते. इथला प्रशासक म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा ताबा घेणारा हिशेबनीस.) बातमी बाहेर आली ती दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळात. कंपनीत तेव्हा २,७२७ कर्मचारी होते. त्यातल्या अनेकांना नोकरी जाणार हे वरिष्ठांकडून नव्हे, टीव्हीवरून आणि फोनवर आलेल्या निरोपांवरून कळलं. वर्ष संपायच्या आत २,३५६ जणांची कपात जाहीर झाली. याशिवाय सुमारे हजार चालक असे होते की जे कंपनीच्या यादीत कर्मचारी म्हणून नव्हतेच. ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे, कारण या प्रकरणाची खरी गुंतागुंत तिथेच आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. कंपनी सुरू झाली १९६९ मध्ये, लंडनच्या रेल्वेस्थानकांदरम्यान पार्सलांची ने-आण करण्यासाठी. पुढे ती कीटकनियंत्रणाच्या धंद्यातल्या एका बड्या उद्योगसमूहाकडे गेली. या समूहाने २००६ मध्ये आणखी एक पार्सल कंपनी सुमारे २१ कोटी पाउंडांना विकत घेतली आणि दोन्हींची जाळी एकत्र करायला काढली. हा घास गिळता आला नाही. डेपो वेगळे, संगणक वेगळे, माणसांच्या सवयी वेगळ्या. पार्सलं चुकू लागली, मोठे ग्राहक निघून गेले, आणि नफा अपेक्षेपेक्षा कमी येणार असल्याचं समूहाला शेअर बाजाराला पुन्हा पुन्हा कळवावं लागलं. २००८ मध्ये समूहाच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. एप्रिल २०१३ मध्ये सिटी लिंक विकली गेली ती १ पाउंडाला. आजारी कंपन्या घेऊन त्या उभ्या करणाऱ्या एका गुंतवणूक फंडाने ती घेतली आणि तिच्यात ४ कोटी पाउंड घातले. २००६ च्या त्या खरेदीतून कंपनी कधीच सावरली नाही, असं माझं मत आहे. नंतरचे मालक ते दुखणं घेऊनच आले होते.

आता मुळातला प्रश्न. नाताळात पार्सलांचा पूर येतो, मग कंपनी नेमकी तेव्हाच का बुडावी? पार्सलाच्या धंद्यात कामाचा ढीग आणि नफा या वेगळ्या गोष्टी आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या एका फाटकावर वीस खोकी उतरवली की वीस पार्सलांचे पैसे मिळतात आणि व्हॅन एकदाच थांबते. तीच वीस खोकी वीस घरांत द्यायची तर वीस थांबे, वीस बेल, त्यातली पाच-सहा दारं बंद. बंद दाराला चिठ्ठी लावायची, खोकं परत डेपोत न्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फेरा. पैसे मात्र एकदाच. सिटी लिंकची घडण कंपनी-ते-कंपनी कामाची होती. ऑनलाइन खरेदी वाढली तशी घरपोच पार्सलं वाढली, आणि त्यांचा दर ठरवणारे मोठे विक्रेते पैसापैसा कमी करून घेत होते. तोट्याच्या दराने घेतलेलं पार्सल डिसेंबरात दुपटीने आलं, तर तोटाही दुपटीने येतो. वर जादा माणसं, जादा गाड्या, जादा पाळ्या.

त्या वर्षी २८ नोव्हेंबरला ब्लॅक फ्रायडे, म्हणजे मोठ्या सवलतींच्या खरेदीचा दिवस होता, आणि ब्रिटनमध्ये त्याचा जोर कुणीच धरला नव्हता इतका निघाला. १२ डिसेंबरला दुसऱ्या एका मोठ्या पार्सल कंपनीने विक्रेत्यांकडून माल उचलणंच काही दिवस थांबवलं, इतकी खोकी साचली होती. तेव्हा बाजारात काम नव्हतं म्हणून सिटी लिंक बंद पडली असं म्हणायला जागा नाही.

हे हजार चालक नेमके कोण होते, हे मराठीत सांगताना शब्दांची पंचाईत होते. आपल्याकडच्या बातम्यांत त्यांना सरसकट ‘कंत्राटी कामगार’ म्हटलं जातं. पण आपल्याकडे कंत्राटी कामगार म्हणजे ठेकेदारामार्फत आलेला माणूस. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्याच्यासाठी होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), त्याचा मालक ठेकेदार असतो, आणि मूळ कंपनीवरही काही जबाबदारी येते. सिटी लिंकचा चालक तसा नव्हता. कागदोपत्री तोच ठेकेदार होता. स्वतःच्या नावाने, कधी स्वतःची छोटी कंपनी काढून, त्याने सेवा पुरवण्याचा करार केलेला असे. व्हॅन त्याची, बहुधा हप्त्यावर घेतलेली. डिझेल, विमा, दुरुस्ती त्याच्याच खिशातून. रजा नाही, आजारपणाचे पैसे नाहीत. पण अंगावर गणवेश सिटी लिंकचा, गाडीवर रंग सिटी लिंकचा, हातातला स्कॅनर सिटी लिंकचा, आणि कोणत्या गल्लीत किती वाजता जायचं हे ठरवणारा डेपोही सिटी लिंकचाच. दार उघडणाऱ्या माणसाच्या लेखी तो ‘सिटी लिंकवाला’ होता.

ब्रिटिश कायद्यात काम करणाऱ्या माणसाचे तीन वर्ग आहेत. पहिला कर्मचारी, ज्याला सगळी संरक्षणं आहेत. तिसरा खरोखरचा स्वतंत्र व्यावसायिक, ज्याला जवळपास काहीच नाही. मधला वर्ग ‘वर्कर’. त्याला किमान वेतन आणि भरपगारी सुट्टी मिळते, पण नोकरी गेल्याची भरपाई मिळत नाही. या मधल्या शब्दाला मराठीत ‘कामगार’ म्हणावं तर अर्थ फसतो, कारण आपला कामगार हा पहिल्या वर्गातला. कामगार म्हटलं की आपल्याला युनियन, ग्रॅच्युइटी, फंड आठवतो. ‘श्रमिक’ म्हणावं तर ते भाषणातलं वाटतं. मी इथे ‘वर्कर’च ठेवतो. सिटी लिंकच्या चालकाला करारात तिसऱ्या वर्गात बसवलं होतं. त्याचं रोजचं काम पाहिलं तर तो दुसऱ्या वर्गात, काही बाबतींत पहिल्याही वर्गात बसला असता. २०१४ मध्ये हे तपासायला कुणाला वेळ नव्हता, आणि कंपनीला ते सोयीचंही नव्हतं.

या वर्गवारीतून एक व्यवहार उभा राहतो. कर्मचाऱ्याला पगार ठरल्या तारखेला मिळतो. ठेकेदार आधी काम करतो, मग बिल देतो, मग मुदत संपल्यावर पैसे येतात. म्हणजे डिसेंबरात पहाटे डेपोत जाऊन, शेवटी द्यायचं खोकं तळाशी आणि पहिलं द्यायचं दाराशी अशी व्हॅन भरणारा माणूस त्या दिवसाचे पैसे कंपनीला उसने देत असतो. गर्दी वाढली की उसनवारीही वाढते. सिटी लिंकच्या कित्येक चालकांनी त्या हंगामासाठी जादा गाड्या भाड्याने घेतल्या, मदतनीस ठेवले आणि त्यांना रोख पैसे मोजले. कंपनीने नाताळचा हंगाम या माणसांच्या उधारीवर काढला. कंपनी बुडाली तेव्हा मदतनिसाची मजुरी देऊन झाली होती, आणि चालकाची स्वतःची बिलं बुडीत गेली.

यात वादाचा मुद्दा आहे तो डिसेंबरच्या त्या शेवटच्या दिवसांतल्या मौनाचा. कंपनी विकायचे प्रयत्न फसले होते, मालक फंड आणखी पैसा घालायला तयार नव्हता, आणि २२ डिसेंबरला संचालकांपुढे प्रशासक नेमण्याचा विषय ठरण्याच्या टप्प्यावर होता. व्हॅन मात्र २४ तारखेपर्यंत धावत राहिल्या. व्यवस्थापनाच्या बाजूने मांडलं जाणारं कारण बिनबुडाचं नाही : अडचणीची कुणकुण लागली असती तर विक्रेत्यांनी त्याच तासाला माल थांबवला असता, उरलीसुरली विक्रीची शक्यता संपली असती, आणि हजारो भेटवस्तू डेपोत अडकल्या असत्या. हे खरं मानलं तरी त्या दोन-तीन दिवसांच्या कामाची किंमत कुणी चुकवली हा प्रश्न राहतो. विक्रेत्यांचा माल पोचला, मालकाच्या तारणाची किंमत टिकली, आणि धोका उचलला तो ज्याला धोका आहे हेच माहीत नव्हतं त्याने. संसदेच्या दोन समित्यांनी जानेवारी २०१५ मध्ये सुनावण्या घेतल्या आणि मार्चमध्ये अहवाल दिला. चालकांना अंधारात ठेवून काम करून घेण्यावर त्यात कडक ताशेरे आहेत.

तारणाचा उल्लेख आला म्हणून कर्जफेडीची रांग सांगायला हवी. (प्रशासक म्हटलं की आपल्याला निवडणूक लांबलेली महापालिका आठवते. इथला प्रशासक म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा ताबा घेणारा हिशेबनीस.) रांगेत पहिला उभा असतो तो ठरावीक मालमत्ता तारण घेतलेला धनको. मग प्रशासकांची फी. मग कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार, तोही माणशी ८०० पाउंडांपर्यंत, आणि राहिलेल्या सुट्ट्यांचे पैसे. त्यानंतर विनातारण धनकोंसाठी एक राखीव वाटा, जो तेव्हा जास्तीत जास्त ६ लाख पाउंड असे आणि सगळ्यांत मिळून वाटायचा असे. मग फिरत्या, म्हणजे साठा आणि येणी अशा रोज बदलणाऱ्या मालमत्तेवर तारण असलेला धनको. सगळ्यांत शेवटी विनातारण धनको : वीज कंपनी, टायरवाला आणि व्हॅनचालक. गुंतवणूक फंडाने आपले पैसे नुसते भांडवल म्हणून न घालता बराच भाग तारण-कर्ज म्हणून दिला होता, आणि ४ कोटींपैकी साधारण निम्मे परत येतील असं त्यांच्या प्रमुखानेच सांगितलं. हे पूर्ण कायदेशीर होतं. आजारी कंपनी घेणारा कुणीही असंच करतो, नाहीतर कुणी घेणारच नाही, असंही त्यावर उत्तर आहे. पण मालकच सावकार म्हणून रांगेत पुढे उभा राहतो आणि गाडी हाकणारा मागे, हे एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही.

कर्मचाऱ्यांना निदान सरकारी निधीचा आधार होता. कंपनी बुडाली तर कपातीची वैधानिक भरपाई राष्ट्रीय विमा निधीतून मिळते. तेव्हा आठवड्याच्या पगाराची कमाल धरून घेतलेली रक्कम ४६४ पाउंड होती. थकलेला पगारही आठ आठवड्यांपर्यंत मिळतो. चालकाला यातलं काहीच नाही.

कायद्याचा दुसरा धागा सल्लामसलतीचा. शंभर किंवा अधिक माणसं कमी करायची तर ४५ दिवस आधी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी सुरू करावी लागतात आणि सरकारला कळवावं लागतं. एप्रिल २०१३ पर्यंत ही मुदत ९० दिवस होती. सिटी लिंक १ पाउंडाला विकली गेली त्याच महिन्यात ती निम्मी झाली. सरकारला न कळवणं हा गुन्हा आहे, आणि तीन माजी संचालकांवर खटला भरला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या न्यायालयाने, म्हणजे कंपनीचं मुख्यालय होतं त्याच शहरात, त्यांना निर्दोष ठरवलं. प्रशासक आल्यावरही धंदा किंवा त्याचा काही भाग चालू राहील असं त्यांना खरोखर वाटत होतं, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. ३१ डिसेंबरपर्यंत एका गटाकडून खरेदीचा प्रस्ताव आलाही होता, पण हाती आगाऊ पैसे न ठेवणारा आणि मालमत्तेची किंमत फारच कमी लावणारा म्हणून प्रशासकांनी तो फेटाळला.

यानंतर दहा वर्षांत बरंच घडलं, आणि आज सिटी लिंककडे पाहताना त्याच चष्म्यातून पाहिलं जातं. २०१८ मध्ये एका मोठ्या पार्सल कंपनीने, कामावर न आलेल्या चालकाला दिवसाला १५० पाउंड दंड लावण्याची पद्धत टीकेनंतर मागे घेतली. त्या दंडामुळे माणसं आजारपण अंगावर काढून कामावर येत होती. २०१९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने युनियनशी करार करून चालकांना हवं असल्यास भरपगारी सुट्टी आणि वेतनाची हमी देऊ केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपवरच्या टॅक्सीचालकांना ‘वर्कर’ ठरवलं, आणि करारात काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात ताबा कुणाचा हे पाहायला सांगितलं. गणवेश, स्कॅनर आणि ठरवून दिलेली गल्ली ही चिन्हं तेव्हा मोजली गेली असती तर सिटी लिंकच्या चालकांची बाजू भक्कम ठरली असती, असं मला वाटतं.

पण ‘वर्कर’ ठरलेल्यालाही कपातीची भरपाई नाही, आणि दिवाळखोरीच्या रांगेतला विनातारण ठेकेदार उलट आणखी मागे गेला आहे. एप्रिल २०२० मध्ये राखीव वाट्याची कमाल मर्यादा ८ लाख पाउंड झाली, पण त्याच वर्षी १ डिसेंबरपासून करखात्याची काही येणी त्या वाट्याच्याही पुढे गेली. सल्लामसलत टाळणाऱ्या कंपनीला माणशी ९० दिवसांच्या पगाराइतका भुर्दंड बसे. २०२५ च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या कायद्याने ही मर्यादा १८० दिवसांवर नेली. हे १८० दिवस मोजले जातात ते कर्मचाऱ्याच्या पगारावर. स्वतःची व्हॅन घेऊन नाताळात घरोघरी जाणाऱ्या चालकाला पगार नसतो, बिल असतं.