पाय चार्ट नाही, म्हणून संशोधन नाही?

दृश्यकला किंवा नाट्य शिकणाऱ्या नागपूरच्या पोरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, पाय चार्ट काढला की झालं संशोधन, स्टुडिओतलं काम ते नुसतं ‘प्रॅक्टिकल’. हे खरं नाही. ब्रिटनमध्ये कलेचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्येच कलेविषयीचं, कलेसाठीचं आणि कलेतून होणारं संशोधन असे तीन प्रकार मांडले. घोळ होतो तो तिसऱ्यात.

समजा, विषय मारबत आहे, म्हणजे नागपुरातले मिरवणुकीचे मोठे पुतळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवून जाळतात. वस्तू हाती उरतच नाही. तिचा इतिहास शोधणं हा पहिला प्रकार. पण बांबूच्या कमट्यांचा सांगाडा स्वतः बांधायचा, मान एका बाजूला का कलते ते बघायचं, कमटी बदलून पुन्हा बांधायचा आणि प्रत्येक वेळचा फोटो, कारणासकट, तारखेनिशी वहीत लावायचा, हे तिसऱ्यातलं. फसलेला सांगाडाही पुरावाच. फेकू नका.

मात्र ‘मी घडवलं, म्हणजेच संशोधन’ हेही चालत नाही (ही पळवाट फार लाडकी आहे). नेमका प्रश्न हवा, आधी कोणी काय केलं ते ठाऊक हवं आणि दुसऱ्याला तपासता येईल अशी नोंद हवी. प्रश्नावलीशी वैर नाही. मिरवणूक बघणाऱ्यांचं म्हणणं हवं असेल तर खुशाल काढा.