‘त्या दिवशी ते कुठे होते?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

गणपतीत चाकरमानी गावाला आले, आरत्या आटोपल्या, की पडवीत गप्पांचा फड जमतो. त्यात हा विषय कुणीतरी काढतंच: 30 जानेवारी 1948 ला, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, सावरकर कुठे होते? आमच्या पडवीत याची दोन उत्तरं मी ऐकली आहेत. एक म्हणतो, दिल्लीतच होते, ते दडपलं गेलं. दुसरा म्हणतो, तेव्हा रत्नागिरीत कैदेत होते, मग त्यांचा संबंध येतोच कुठे? दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि दोघंही चुकतात. त्या काळात ते दादरला शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी राहत होते आणि 5 फेब्रुवारीला त्यांना मुंबईतच अटक झाली. रत्नागिरीचं बंधन तर 10 मे 1937 लाच उठलं होतं.

‘रत्नागिरीत कैदेत’ हे कुठून आलं, ते मात्र मला कळतं. रत्नागिरीच्या तुरुंगातली त्यांची कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे. शाळेच्या सहली तिथे जातात. पोरं दारातून आत डोकावतात, भिंती बघतात, आणि तेरा वर्षं माणूस याच खोलीत होता असं मनात धरून एसटीत बसतात. मीही लहानपणी असंच समजत होतो. प्रत्यक्षात 1921 मध्ये अंदमानातून परत आणल्यावर काही काळ ते त्या तुरुंगात होते, पुढे त्यांना येरवड्याला हलवलं. 6 जानेवारी 1924 ला सुटका झाली ती अटींवर, आणि सगळा घोळ या अटींच्या नावापाशी आहे.

कुणी त्याला नजरकैद म्हणतं, कुणी हद्दपारी, कुणी सरळ तुरुंगवास. रूढ शब्द ‘स्थानबद्धता’, पण त्यानेही चुकीचं चित्र उभं राहतं. स्थानबद्ध म्हटलं की एका घरात, एका गावात अडकलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. अट होती ती जिल्ह्याची. परवानगीशिवाय रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही, आणि जाहीर किंवा खासगी, कोणत्याही प्रकारे राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षं, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्याएवढा नव्हे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये. मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं याच हद्दीत होतं, सावंतवाडी तेवढं संस्थान म्हणून बाहेर. म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून थेट वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात हा माणूस फिरू शकत होता, सभा घेऊ शकत होता, लोक त्याला भेटायला येऊ शकत होते. प्लेगच्या साथीत ते शहर सोडून जवळच्या शिरगावात जाऊन राहिले होते. 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं ते याच अटींच्या काळात. ‘कैदेत होते’ म्हणणाऱ्याला हे मंदिर कसं बांधलं गेलं ते सांगता येत नाही. ‘मोकळे होते’ म्हणणाऱ्याला राजकारणबंदीची अट सोयीने आठवत नाही.

शब्दाचा हा कीस मी काढतोय, कारण संशयाचं पीक याच जमिनीत आलं आहे. माणूस एका जिल्ह्यात बांधलेला, पण त्याचं दार उघडं; मग त्या दारातून कोण आत गेलं याचा हिशेब लोक आजवर मांडत आले. 1 मार्च 1927 ला गांधीजी रत्नागिरीत आले असता स्वतः सावरकरांच्या घरी जाऊन भेटले. दोन वर्षांनी, 1929 मध्ये, वडिलांची पोस्टखात्यात बदली झाल्यामुळे नथुराम गोडसे नावाचा विशीच्या आतला मुलगा याच गावात राहायला आला आणि याच घरी जाऊ लागला. हा योगायोग मनाला चटका लावतो, हे खरं. पण 1929 ची ओळख हा 1948 च्या कटाचा पुरावा होत नाही, आणि अनेक जण तिथेच उडी मारतात.

संशयाने रत्नागिरी गाठली ती 1948 च्याही आधी एकदा. 1934 मध्ये मुंबईत एका लष्करी अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली आणि पोलिसांनी सावरकरांना रत्नागिरीत ताब्यात घेतलं. दोनेक आठवड्यांनी सोडावं लागलं. सरकारला ठाऊक होतं की ते मुंबईत नव्हते. त्यांना जिल्ह्याबाहेर न जाऊ देणारं सरकारच होतं. तरी उचललं. म्हणजे ते कुठे होते हा प्रश्नच तपासापुढे नव्हता.

त्याच्याही मागे 1909 आहे. 21 डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे मूळचा खेड तालुक्यातल्या आयनीचा, आपल्या कोकणातला. सावरकर तेव्हा हिंदुस्थानातच नव्हते. आरोप होता तो लंडनहून ब्राउनिंग पिस्तुलं पाठवल्याचा. समुद्रापलीकडे असणं तेव्हाही कामी आलं नाही.

1948 च्या खटल्यातही भांडण दिल्ली-मुंबईचं नव्हतं. भांडण होतं एका वाक्याचं. माफीच्या साक्षीदाराने सांगितलं की 17 जानेवारीला गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे सावरकरांच्या दादरच्या घरी वरच्या मजल्यावर गेले, तो खाली थांबला, पाच-दहा मिनिटांत दोघे उतरले आणि त्यांच्यामागून येत सावरकर म्हणाले, ‘यशस्वी होऊन या.’ सावरकरांनी ही भेटच नाकारली. शिवाय असं वाक्य कुणी म्हटलंच, तरी ते गोडसे-आपटेंच्या वर्तमानपत्राच्या कामाबद्दल किंवा निजामविरोधी चळवळीबद्दलही असू शकतं, असा बचाव केला. मराठी घरात परीक्षेला निघालेल्या पोराला आपण हेच म्हणतो, हे मलाही मान्य आहे. न्यायालयाने साक्षीदाराला खोटा ठरवलं नाही. पण कटातल्या सोबत्याच्या एकट्याच्या शब्दावर, स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय, शिक्षा देणं धोक्याचं मानलं. 10 फेब्रुवारी 1949 ला सावरकर सुटले. सरकारने त्याविरुद्ध अपील केलं नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. सावरकरांचा अंगरक्षक आणि चिटणीस, दोघांचेही जबाब पोलिसांनी 1948 मध्येच घेतले होते. गोडसे-आपटे जानेवारीत त्या घरी आल्याचं त्यांत होतं. न्यायालयाला हवा होता तो दुजोरा याच घरातून मिळण्यासारखा होता, निदान तपासून पाहण्यासारखा तरी. त्यांना साक्षीला उभं केलं गेलं नाही. का, यावर आजही वाद घालावा असा हा निर्णय आहे, पण पडवीतल्या गप्पांत तो कधी निघत नाही. तिथे दिल्लीच्या गाड्याच मोजल्या जातात.

ते जबाब उजेडात आले ते साठच्या दशकात नेमलेल्या चौकशी आयोगापुढे. आयोगाचा अहवाल 1969 चा. सगळी तथ्यं एकत्र घेतली तर सावरकर आणि त्यांच्या गटाने रचलेल्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असा शेरा त्यात आहे. एक बाजू तेवढाच वाचते, दुसरी बाजू 1949 चा निकाल तेवढाच वाचते. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. सावरकर 26 फेब्रुवारी 1966 लाच वारले होते, त्यामुळे उत्तर द्यायला ते नव्हते. आणि अंगरक्षक-चिटणिसांची उलटतपासणी त्या खटल्यात कधी झालीच नाही.