काळे पडलेले बोधिसत्त्व आणि लाजवर्दाची निळाई

चीनच्या गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला, दुनहुआंगजवळ मोगाओची लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इ. स. ३६६ मध्ये सुरू झाले असे परंपरा सांगते, आणि आज त्यांतील ४९२ लेण्यांत भित्तिचित्रे व मूर्ती आढळतात. पाचव्या-सहाव्या शतकांतील लेण्यांत शिरणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते तिथल्या बोधिसत्त्वांचे चेहरे. चेहऱ्याची कड, गाल आणि गळा यांभोवती काळे जाड पट्टे आहेत, आणि मधोमध नाकाची पांढरी उभी रेघ व तिच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांचे पांढरे ठिपके एवढेच उजळ राहिले आहे. 'लहान' या अर्थाचे चिनी अक्षर नेमके असेच, एक उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन छोटे फटकारे असे लिहिले जाते. म्हणून तिकडचे अभ्यासक या चेहऱ्यांना त्या अक्षराचेच नाव देतात.

बौद्ध कलेत रंगाला अर्थ असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो साहजिकच या काळ्या रंगाचा अर्थ शोधू लागतो. वज्रयान या तांत्रिक बौद्ध परंपरेतील बुद्धरूपांपैकी अक्षोभ्य निळा, रत्नसंभव पिवळा, अमिताभ तांबडा आणि अमोघसिद्धी हिरवा असतो, तर तिबेटी पटचित्रांतला उग्र संरक्षक देव महाकाल बहुधा गडद निळा किंवा काळा काढतात. मोगाओच्या या काळेपणाला मात्र असा कोणताही अर्थ नाही, कारण तो चित्रकाराने दिलेलाच नाही. त्याने लावला होता तो त्वचेचा गुलाबी-तांबूस रंग, आणि त्यात शिसे होते.

शिशाचा तांबडा रंग म्हणजे आपला शेंदूर. रसायनशास्त्राच्या भाषेत तो शिशाचा एक ऑक्साइड असून, प्रकाश आणि दमटपणा यांच्या संयुक्त परिणामाने त्याचे हळूहळू लेड डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते, आणि हा पदार्थ गडद तपकिरी ते काळा असतो. चेहऱ्याला उठाव यावा म्हणून कडेला गडद व मध्ये फिकट रंग देण्याची रीत भारतातून मध्य आशियामार्गे तिकडे गेली होती. आपल्याकडे तिला 'वर्तना' म्हणत, आणि अजिंठ्यात नाकाच्या शेंड्यावर व ओठावर उजळ ठिपका देण्यामागेही हाच हेतू आहे. म्हणजे उठावासाठी दिलेली मऊ तांबूस छटाच काळवंडून ठळक पट्टा झाली. पाहणाऱ्याला आज जे रांगडे आणि धीट वाटते, ते मुळात नाजूक होते. मला स्वतःला हे काळे चेहरे फार आवडतात, पण त्या आवडीचे श्रेय चित्रकाराला देता येत नाही, हेही मान्य करावे लागते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबड्यासाठी मुख्यतः गेरू वापरला. गेरू हे लोहाचे ऑक्साइड असल्याने तो कमालीचा टिकाऊ असतो. पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि तत्सम खनिजे असा बहुतेक सगळा माल आसपासचाच होता. हिरवी मातीसुद्धा दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत सापडते. अपवाद एका रंगाचा, तो म्हणजे निळा. पाचव्या शतकातील, वाकाटककालीन लेण्यांत जो निळा रंग दिसतो तो लाजवर्द (लॅपिस लाझुली) या दगडाचा आहे, आणि त्या काळी हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून येई. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे १८०० किलोमीटर भरते. त्याआधीच्या, सातवाहनकालीन चित्रांत मात्र हा निळा आढळत नाही.

लाजवर्दाची निळाई गंधकाची आहे. त्यातील लाझुराइट या खनिजात सिलिकॉन, ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजनचे अणू पिंजऱ्यासारखी रचना करतात, आणि त्या पिंजऱ्यांत तीन-तीन गंधक-अणूंचे ऋणभारित गट अडकलेले असतात. हे गट पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे परतणारा प्रकाश निळा दिसतो. लेझरचा झोत टाकून रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखू देणारा आलेख, घेतला, की त्यात ५४८ प्रति सेंटिमीटरजवळ या गटांची खूण असलेले एक ठळक शिखर उमटते. दगड नुसता कुटला तर भुकटी राखाडी निघते, कारण त्यात पांढरे कॅल्साइट आणि सोनेरी कणांचे पायराइट मिसळलेले असते. निळे कण वेगळे करणे हे कष्टाचे काम होते.

एवढ्या महागड्या रंगाला अर्थ चिकटणार हे उघडच आहे. बुद्धाच्या बत्तीस लक्षणांत गडद निळे डोळे येतात, आणि तिबेटी चित्रांत त्याचे केसही निळे असतात. रोग हरण करणारा भैषज्यगुरू बुद्ध तर 'वैडूर्यप्रभ' म्हणूनच ओळखला जातो. गंमत अशी, की आपल्याकडे वैडूर्य म्हटले की लसण्या आठवतो, पण तिबेटात त्याच नावाच्या रत्नाची कल्पना लाजवर्दासारखी निळी झाली आणि भैषज्यगुरूचे सगळे अंगच निळे रंगवले जाऊ लागले.

अर्थात दिसणारा प्रत्येक रंग जुनाच असेल असे नाही. १९२०च्या दशकात निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चपडा लाखेचे रोगण चढवले, ते पुढे पिवळट पडले आणि निळ्या-पांढऱ्या रंगांची मूळ झळाळीच त्याखाली गेली. मोगाओत वेगळीच गोष्ट आढळते. काही मूर्तींवरचा निळा रंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात खनिज लाजवर्दाचे ओबडधोबड, टोकदार, लहानमोठे तुकडे दिसत नाहीत. दिसतात ते बारीक, गोलसर, एकसारखे कण, आणि त्यांत कॅल्साइट वा पायराइट नसते. हा कारखान्यात भट्टीवर तयार झालेला कृत्रिम निळा आहे, म्हणजे रंगकाम चीनच्या शेवटच्या, चिंग राजवटीच्या उत्तरार्धातील डागडुजीचे.

या कृत्रिम निळ्याची कृती १८२६ च्या सुमारास फ्रान्सच्या झाँ-बाप्तिस्त गिमे यांना साधली आणि त्यांचा कारखाना भरभराटीला आला. त्यांचा मुलगा एमिल याने त्या वारशाच्या बळावर आशियाई धर्म आणि कला यांचे संग्रहालय उभारले, जे १८८९ मध्ये पॅरिसला आले. फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांनी १९०८ मध्ये दुनहुआंगहून नेलेली रेशमी चित्रे आज त्याच गिमे संग्रहालयात आहेत.